चाकू उघडता येतो, पण मिटता येतो का?

मैत्रिणींनो, आज विळी-सुरी बाजूला ठेवून घडीच्या चाकूविषयी थोडं बोलू या. “हा काय बायकांचा विषय?” असं कुणी म्हणेल. पण गाडीत पेरू कापायचा असो, पार्सलची सुतळी तोडायची असो, नाहीतर मुलांच्या पेन्सिलीला टोक करायचं असो, चाकू सगळ्यांना हवा असतो आणि शोधून द्यावा लागतो आपल्याला! शिवाय याच चाकूवरून परवा आमच्या घरी चांगलीच वादावादी झाली, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. विळी शेजारी गेलेली आणि मला स्वयंपाकाची घाई. करवंटीतलं खोबरं काढायला मी घडीचा चाकू घेतला. पातं खोबऱ्याखाली घातलं आणि पात्याच्या पाठीनं उचकटायला लागले. खट्‌कन पातं मिटलं, ते थेट माझ्या तर्जनीवर! तीन टाके पडले. त्या दिवसापासून चाकू कपाटाच्या वरच्या खणात गेला.

दोष चाकूचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. नेहमीच्या घडीच्या चाकूत पातं एका खिळीवर फिरतं आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी स्प्रिंग त्याच्या बुडाला दाबून धरते. त्यामुळे ते उघडल्यावर उघडं आणि मिटल्यावर मिटलेलं राहतं. पण स्प्रिंगनं धरलं म्हणजे कुलूप लागलं असं नव्हे! धारेच्या बाजूनं कापताना पडणारा जोर पातं उघडंच ठेवतो. पाठीकडून जोर आला, की स्प्रिंग हार मानते. पातं मिटतं, आणि मिटण्याच्या वाटेवर आपलीच बोटं असतात.

या जातीतला सर्वांत नावाजलेला चाकू स्विस. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ साली सैन्याला पहिले चाकू दिले. पातं, डबा उघडायचं साधन, स्क्रू-ड्रायव्हर आणि टोच्या, एवढंच त्यात होतं. १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू निघाला. त्याची युक्ती अशी, की एकाच पाठीवरच्या स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली. आणि नाव? आई व्हिक्टोरिया १९०९ साली वारल्यावर मुलानं मालाला तिचं नाव दिलं. पुढे १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’ शब्द त्याला जोडला आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. लहान स्विस चाकूंच्या पात्याला सहसा कुलूप नसतं, हे मात्र ध्यानात ठेवा. कुलूप हवं असेल, तर फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरतं कडं असतं. कडं फिरवलं की पातं जागचं हलत नाही.

आता वादावादीची गोष्ट. लेक हिमालयात ट्रेकिंगला निघाली. म्हणाली, “आई, तो चाकू दे ना.” मी म्हटलं, “नको गं बाई, लागेल.” त्यावर ती पटकन म्हणाली, “दादाला तू दहावीतच घेऊन दिलास. त्याला लागत नव्हतं का?” मी गप्पच झाले. खरंच, मुलाला दिला तेव्हा मला भीती वाटली नाही, आणि मुलीला शिकवण्याऐवजी मी चाकूच लपवला! त्याच संध्याकाळी खण उघडला. दोन दिवस आम्ही दोघी जुन्या साबणाच्या वड्या आणि केळी कापत बसलो. मी तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

उघडताना अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालावं आणि बाकीची बोटं धारेपासून दूर ठेवावीत. मिटताना मूठ अशी धरावी, की एकही बोट खाचेवर येणार नाही, आणि तळहातानं पात्याची पाठ ढकलावी. अर्धवट उघडा चाकू खाली ठेवू नये. दुसऱ्याच्या हाती देताना मिटूनच द्यावा.

पेन्सिलीसारखं काही तासताना अंगापासून दूर तासावं, आणि हात पोचेल तेवढ्या अंतरात कुणी नाही ना, हे आधी बघावं. पात्यानं उचकटणं, डबा फोडणं, स्क्रू फिरवणं अजिबात नको. टोक तरी मोडेल, नाहीतर बोट तरी कापेल.

धार बोथट झाली की आपण जास्त जोर लावतो आणि पातं निसटतं. म्हणून बोथट चाकू अधिक वाईट. धार लावायच्या दगडावर पातं १५ ते २० अंशांत तिरकं धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात.

फळं कापल्यावर चाकू पूर्ण उघडून कोमट साबणपाण्यानं धुवावा. खाचेत साखरेचा चिकटा राहिला तर पातं अडतं. कोरडा केल्यावर सांध्यात लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब सोडावा. ते औषधाच्या दुकानात मिळतं. खोबरेल नको, थंडीत ते थिजतं. साध्या पोलादाचं पातं लिंबू-कैरीनं काळं पडतं, ते लगेच पुसावं.

विमानानं जाताना चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या सामानात द्या. नाहीतर तपासणीत तो काढून घेतील.

एवढं करूनही कापलंच, तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धरावा. जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

लेक सुखरूप परत आली. बोटं शाबूत, चाकू मात्र चिखलानं माखलेला! “आधी धू, मग जेवायला बस,” म्हटलं. तिनं धुतला, पुसला, मिटला आणि स्वतःच्याच पर्समध्ये टाकला. मीही परत मागितला नाही.