घडीच्या चाकूचे पाते : थरांचे की एकसंध?

चाकूच्या बाजारात हल्ली 'लॅमिनेटेड' या शब्दाला मोठा भाव आला आहे. पात्यावर नागमोडी रेघ दिसली की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार होते. रामपूरच्या चाकूवाल्यांपासून आपल्या गावोगावच्या धारवाल्यांपर्यंत या धंद्यात आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून हा प्रश्न नीट तपासून घ्यायला हवा. माझे मत आधीच सांगतो. खिशातल्या लहान चाकूला एकसंध कडक पोलादच बरे.

थरांचे पाते म्हणजे मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. ही युक्ती काटकसरीतून जन्मली. पूर्वी पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त होते, म्हणून धारेपुरते पोलाद घालत. आज हिशेब उलटा झाला आहे. ८ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पात्याला जेमतेम २५ ग्रॅम पोलाद लागते. त्यातले निम्मे वाचवण्यासाठी कोळसा, टाकणखार आणि अर्ध्या दिवसाची मजुरी घालवणे हा कसला व्यापार?

जपानमधील मिकी या गावचा 'हिगोनोकामी' हा घडीचा चाकू थरांच्या पात्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो उत्तम असतो, यात शंका नाही. पण त्याची धार कशी असते ते पाहा. पात्याची उतरती बाजू रुंद आणि सपाट असते; ती पूर्ण दगडावर टेकवून घासायची. तिथे मऊ लोखंड लवकर झिजते, कडक पट्टी अरुंद राहते आणि धार सहज लागते. आपल्याकडच्या बहुतेक चाकूंना टोकाशी फक्त बारीक उतार असतो. दगड तेवढ्या पोलादालाच लागतो. मग मऊ थराचा धार लावताना उपयोग काय? फ्रान्सचा 'ओपिनेल' १८९० पासून पातळ, एकसंध पात्यावर चालला आहे, आणि तो शेतकऱ्यांचा चाकू आहे.

दुसरी अडचण मापाची. २ मिलिमीटरच्या पात्यात मधला थर पाऊण मिलिमीटरच्या आत राहतो. सहाणेवर हात थोडा एका बाजूला गेला की धार मऊ लोखंडात उतरते, आणि तो चाकू टरबूजसुद्धा धड कापणार नाही. शिवाय जोड बसवताना ताव जास्त झाला तर पोलादातला कार्बन जळतो, कण मोठा होतो. वरून पाते चकाकते, आतून ठिसूळ असते.

थरांच्या बाजूने खरे मुद्दे दोन आहेत. कडक पाते पिळले तर मोडते. थरांचे पाते वाकून राहते. आणि बाहेरचे थर गंज न धरणाऱ्या पोलादाचे असले तर फक्त धारच जपावी लागते. कोकणच्या दमट हवेत आणि मासळीच्या कामात ही मोठी सोय आहे. मात्र असे जोड कारखान्यातल्या रोलखालीच भरवशाचे होतात. ती पट्टी विकत घेऊन पाते काढणे वेगळे, भात्यापुढे बसून जोडणे वेगळे.

मोडण्यावर जुना इलाज आहेच. साधे कार्बन पोलाद चुंबक सोडेपर्यंत आणि त्याहून किंचित अधिक तापवावे, कोमट तेलात विझवावे. कानस घसरू लागली की पाणी बसले समजा. मग २०० अंशांच्या आसपास दोन तास शेकावे. घासून स्वच्छ केलेल्या पात्यावर फिका पिवळा रंग येतो. शेवटी धार पाण्यात बुडवून पाठ आणि खिळ्याकडची बाजू निळी होईपर्यंत तापवावी. धार कडक, पाठ चिवट! जोड न लावता थरांचा मुख्य फायदा पदरात पडतो. खेदाची गोष्ट ही की घाईत शेकण्याचेच काम टाळले जाते आणि दोष पोलादाला दिला जातो.

व्यापाऱ्यांनी एवढे पाहावे. तीनथरी पट्टीतून काढलेल्या पात्याचा जोड पाठीवरही दिसतो. मधे पाचर बसवलेली असेल तर पाठीवर दिसणार नाही, पण धारेजवळ दिसेल. रेघ नुसती आम्लाने कोरलेली असेल तर धारेजवळचा भाग बारीक कागदाने घासून पुन्हा आम्ल लावा. खरा जोड परत उमटतो, कोरलेली रेघ उमटत नाही. माल दुकानात ठेवण्याआधी एका पात्यावर हे करून पाहा आणि गिऱ्हाइकाला जे आहे तेच सांगून विका.