नव्या वस्तीच्या कथा वाचताना

रानात घर उभारणाऱ्या कुटुंबाची कथा मराठी वाचकाला परकी नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी ‘पाडस’ हा अनुवाद केला आणि फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी आपल्या घरातलाच झाला. लाडके पाडस शेतातले पीक खाऊ लागते, तेव्हा त्याला गमावण्याचे दुःख या मुलाला सोसावे लागते. अशा कथांतून मिळणारी प्रेरणा विजयाची नसते. ती सोसण्याची असते.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘द लाँग विंटर’ (१९४०) ही कादंबरी त्याच जातीची आहे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डाकोटातील एका लहान गावाची रेल्वे हिमवादळांनी बंद पडते. कोळसा संपतो, तेव्हा वाळलेले गवत पिळून जाळले जाते. पीठ संपते, तेव्हा कॉफीच्या दळणयंत्रात गहू दळला जातो. दोन तरुण जीव धोक्यात घालून दूरवरून गहू आणतात. दुकानदार तो चढ्या भावाने विकू पाहतो. पण गावकरी समजावतात आणि अखेर खरेदीच्याच भावात गहू मिळतो. काटकसर आणि परस्परविश्वास यांचे मोल सांगणारा असा प्रसंग मुलांना जरूर वाचून दाखवावा.

तथापि या कथांना दुसरी बाजूही आहे. १८६२ च्या अमेरिकन कायद्याने पाच वर्षे वास्तव्य करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू लागली. ही भूमी निर्मनुष्य नव्हती. वाइल्डर यांच्याच १९३५ च्या कादंबरीतील कॅन्सासमधले घर ओसेज या मूलनिवासी जमातीच्या जमिनीवर उभे होते. मूलनिवासींच्या अशा पुस्तकांतील चित्रणामुळेच २०१८ मध्ये अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने त्यांच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव बदलले.

नोकरीतील बदलीमुळे चंडीगडला आलेल्या मराठी कुटुंबांना हा विषय समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले. पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि निर्वासितांना निवारा. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या नगराचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सर्वस्व गमावलेल्यांनी येथे पुन्हा संसार उभे केले, ही खरोखरच स्फूर्तिदायक कथा होय. परंतु त्या सरळ रस्त्यांखाली शेते होती, गावे होती. बुडैल आणि अटावा ही गावे आजही सेक्टरांच्या चौकटीत आपल्या अरुंद गल्ल्या सांभाळून आहेत. कित्येक गावे मात्र नकाशावरून पुसली गेली.

म्हणून ही पुस्तके कपाटाबाहेर काढावीत, असे माझे मुळीच मत नाही. उलट ती अधिक वाचावीत. मात्र नायकाच्या धैर्याला दाद देतानाच, ज्या जमिनीवर त्याने घर बांधले ती आधी कोणाची होती, हा प्रश्नही मुलांना विचारू द्यावा. या प्रश्नाने धैर्याचे मोल कमी होत नाही. त्याची किंमत आणखी कोणी चुकविली, एवढेच कळते. पुस्तक मिटल्यावर एखाद्या रविवारी मुलांना बुडैलच्या गल्ल्यांतून फिरवून आणावे. कादंबरीने न सांगितलेले बरेच काही तेथे उमगेल.