थंड पाण्याचा जीव

गेल्या वैशाखांत आमच्या परदेशस्थ नातवानें काकुळतीनें विचारिलें, “आजोबा, माझा ॲक्सोलॉटल अन्न टाकूं लागला आहे, काय करूं?” आम्हीं अविचारानें बर्फ घालण्यास सांगितलें. त्याच रात्रीं पुस्तकें चाळतां आमची चूक उमगली.

हा सॅलमँडर मेक्सिको शहरांतल्या शोचिमिल्को येथील कालव्यांतला. त्यास १६ ते १८ अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें. २४ अंशांपुढें जिवास धोका. उभयचरांचें शरीर भोंवतालच्या पाण्याबरोबर तापतें, आणि ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. परंतु एकाएकीं झालेला थंडावाहि त्यांस बाधतो.

आपला माठ पाझरून पाणी गार करितो, तोच न्याय येथें लावावा. टाकीवर जाळीचें झांकण घालून पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनानें दोन-चार अंश उतरतात. दमट हवेंत मात्र हा उपाय लंगडा पडतो. आटेल तितकें क्लोरीनरहित पाणी घालावें, उष्टें अन्न काढावें, ऊन येऊं देऊं नये.

आठवड्यानें निरोप आला : जीव जेवूं लागला. वाचकहो, प्राणी पाळणें ही हौस. त्याचा ऋतु सांभाळणें हें कर्तव्य. तें ज्यास साधत नाहीं, त्यानें असा जीव घरीं आणूंच नये.