शेत घेताना शंभर प्रश्न, फ्लॅट घेताना एकही नाही?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात सध्या "पुण्याकडं एक फ्लॅट घेऊन टाकू, भाडं येत राहील" असं चाललंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आपल्या साखरखेर्ड्यात दोन एकर घ्यायचे म्हटले तर माणूस काय काय करतो? सातबारा काढतो. जुने फेरफार पाहतो. धुऱ्यावरून चालत फिरतो. शेजारी भांडखोर आहे का, पांदण पावसाळ्यात चालते का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, सगळं विचारतो. सहा महिने त्यात जातात. तोच माणूस साठ लाखांचा फ्लॅट एका दुपारी बुक करतो! कंपनीची एसी गाडी नेते, जेवण मिळतं, नमुना फ्लॅट दाखवतात आणि संध्याकाळी टोकन देऊन गडी परत.

दुसऱ्याचं कशाला सांगू, मीच त्या वाटेवर होतो. पोरगं पुण्यात शिकतंय. सोयाबीनचं तर तुम्हाला माहीतच आहे. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. म्हटलं दीड एकर विकावं, उरलेलं कर्ज काढावं आणि नगर रस्त्याकडं फ्लॅट घ्यावा. टोकनचे ५१ हजार तयार होते. बाबांना माहितीपत्रक दाखवलं. पोहण्याचा तलाव, बाग, जिम. बाबांनी उलटसुलट करून पाहिलं आणि एकच विचारलं, "प्यायचं पाणी कुठून येते तिथं?"

मला उत्तर आलं नाही. वीस वर्षं बातमीदारी करतोय, दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरतोय, आणि हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मग मे महिन्यात एकटाच गेलो. एसटीनं, कुणाला न सांगता. शेजारच्या तयार सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आपल्या लोणारकडचाच निघाला. म्हणाला, "भाऊ, पह्यले टँकर मोजा, मंग फ्लॅट मोजा." तासाभरात चार टँकर आत गेले. त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात आणि ते माहितीपत्रकात नसतात.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. उपनगर निवडताना शेताचेच प्रश्न विचारायचे.

सातबारा म्हणजे इथं महारेरा. १ मे २०१७ पासून ही व्यवस्था आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाका. ताबा कधी देणार, जमिनीवर बोजा किती, दावे चालू आहेत का, हे घरबसल्या दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शीव कुणाची, हे पाहा. वाघोलीसह २३ गावं २०२१ ला पुणे महापालिकेत आली. पाटी एका दिवसात बदलते, जलवाहिनी एका दिवसात येत नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला महापालिकेत गेली आणि २०२४ ला बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कर कुणाला भरायचा आणि पाणी कुणाला मागायचं, हे आधी ठरू द्या.

पांदण म्हणजे मेट्रो आणि रिंगरोड. 'प्रस्तावित' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. त्यानंतर किती तारखा आल्या आणि गेल्या! आपल्याला तर समृद्धीचा अनुभव आहेच. रस्ता सिंदखेडराजावरून गेला म्हणून प्रत्येक फाट्यावर सोनं उगवलं का?

आता हिशेब. साठ लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट. जीएसटी ५ टक्के म्हणजे तीन लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात साधारण ७ टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी तीस हजार. झाले साडेसदुसष्ट. भाडं वीस हजार धरा आणि वर्षात एक महिना रिकामा धरा. मेंटेनन्सचे महिना तीन हजार वजा केले की हातात येतात वर्षाला एक लाख चौऱ्याऐंशी हजार. पावणेतीन टक्के! बँकेतली ठेव याहून जास्त देते. चाळीस लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या घरात. भाड्यातून हप्ता फिटेल असं सांगणाऱ्याला हे गणित कागदावर मांडायला लावा.

"मग भाव वाढेल ना?" वाढेलही. पण त्याच रस्त्यावर आणखी वीस इमारती उभ्या राहत असतील तर तुमचा जुना फ्लॅट कोण घेणार?

कुणी म्हणेल, पुणं लांब पडतं, छत्रपती संभाजीनगर बरं. समृद्धीनं पटकन जाता येतं, भाडेकरू गेला तर आपण स्वतः पोहोचू शकतो. मुद्दा बरोबर आहे. पण जायकवाडी जवळ असूनही तिथं नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आलंय. बाबांचा प्रश्न तिथंही लागू.

मी फ्लॅटच्या विरोधात नाही. घ्यायचाच तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घ्या, त्यावर जीएसटी लागत नाही. भाडेकरूचं कामाचं ठिकाण जवळ असू द्या. आपलं कुणीतरी त्याच भागात राहणारं असू द्या. आणि पाहायला मे महिन्यात जा, संध्याकाळी सातच्या गर्दीत जा, कंपनीच्या गाडीतून जाऊ नका.

राग एका गोष्टीचा येतो. इथं भाव नाही, काम नाही, म्हणून आपण जमीन विकतो आणि तो पैसा अशा ठिकाणी टाकतो जिथं आपलीच पोरं वॉचमन आहेत. त्याचा जाब मागायचा तो आपल्या पुढाऱ्यांना. पण निदान फसून तरी जाऊ नये.

दीड एकर अजून आहे. पोरासाठी पुण्यात खोली भाड्यानं घेतली. बाबा म्हणाले, "पाणी येते ना?" येतं म्हटलं. मग गप्प झाले.

तुमच्यापैकी कुणी घेतला असेल तर खरं खरं लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. आणि कुणाला करारनामा वाचून हवा असेल तर सही करायच्या आधी घेऊन या. चहा तुमचा, चष्मा माझा.