देवराई वाचली; तिच्यावरच्या डोंगराचं काय?

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली देवराई २०२१ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बातमी आली, अभिनंदन झालं आणि विषय मागे पडला. पण या राईतली झाडं पुढच्या पिढीला दिसणार की नाही, हे त्या घोषणेने ठरलेलं नाही. ते ठरणार आहे राईच्या वरच्या अंगाला असलेल्या जमिनीवर. म्हणूनच हा विषय पुन्हा काढावा लागतो.

एवढं काय आहे तिथे?

आपल्या पोफळीच्या बागेत जायफळाचं झाड असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याचंच एक रानटी भावंड या राईत आहे. शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. ते फक्त पश्चिम घाटात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. अशा झाडाला प्रदेशनिष्ठ म्हणतात. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'धोक्यात' अशी आहे.

हे झाड कुठेही उगवत नाही. त्याला बारमाही पाणी आणि चिखल लागतो. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची मुळं जमिनीच्या वर येतात, खोडाला टेकू दिल्यासारखी दिसतात. अशा जागेला मिरिस्टिका दलदल म्हणतात. केरळ, कर्नाटक आणि गोव्यात अशा मोजक्याच दलदली उरल्यात. आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय ही त्यातलीच. बांबर्ड्याची दलदल अभ्यासकांनी २०१८ मध्ये नोंदवली, तेव्हा ती सगळ्यांत उत्तरेकडची ठरली.

शास्त्रज्ञ आले २०१८ मध्ये. पण राई राखली गावाने, पिढ्यान् पिढ्या. देवाच्या राईत कोयती चालवायची नाही, एवढा एक नियम. नकाशा नाही, कुंपण नाही, पहारेकरी नाही.

मग अडचण कुठे आहे?

वारसा स्थळाची जागा जेमतेम अडीच हेक्टरच्या आसपास आहे. पण राईत झिरपणारं पाणी त्या अडीच हेक्टरात तयार होत नाही. ते वरच्या डोंगरातून येतं. पावसाळ्यात डोंगर पाणी पितो आणि पुढे हळूहळू सोडतो. वरची झाडोरा असलेली जमीन एकदा जेसीबीने साफ केली की पावसाचं पाणी माती घेऊन एकदम खाली उतरतं. मग उन्हाळ्यात व्हाळ लवकर आटतो. दलदल सुकली, तर कुऱ्हाड न लावताही ही झाडं मरतील.

नवीन रोपं लावू, असंही सोपं नाही. या झाडाचं बी सुकलं की रुजत नाही, त्यामुळे बियाणं डब्यात भरून ठेवता येत नाही. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लांब नेण्याचं काम धनेशासारखे मोठे पक्षी करतात आणि त्यांनाही सलग जंगल लागतं. म्हणजे नुसती राई राखून भागत नाही.

दोडामार्गात मागच्या काही वर्षांत रबर, अननसासाठी किती डोंगर मोकळे झाले, हे आपण डोळ्यांनी बघतोय. यात सगळा दोष विकणाऱ्याचा नाही. सामायिक जमीन, अर्धे हिस्सेदार मुंबईत, काजूचा दर बेभरवशाचा, त्यात हत्ती आणि माकडांचा त्रास. रोख पैसे घेऊन कोणी दारात आला तर माणूस विचार करणारच.

कायदा किती पुरतो?

लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. ती धोका सांगते, तोड थांबवत नाही. वारसा स्थळाची घोषणा कायद्याची आहे, २००२ च्या जैवविविधता कायद्यातली. पण ती हद्दीपुरती. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याची पावलं उचला, असं शासनाला सांगितलं. म्हणजे पहिल्या आदेशानंतर दहा वर्षांनीही न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

गावाच्या हातात काय?

याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही हवी. आपल्या गावात ही समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. नोंदवहीत देवराईबरोबर तिला पाणी देणारा व्हाळ आणि वरचा उतार सर्व्हे नंबरसह लिहून घ्या. नोंद असेल तर उद्या हरकत घेताना हातात कागद असेल.

आणि शासनाकडे एक मागणीही हवी. वरच्या जमिनीचा जो मालक झाडं तोडत नाही, त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा. पाणी सगळ्या गावाने प्यायचं आणि तोटा एकट्याने सोसायचा, हे फार दिवस चालणार नाही.

जुन्या माणसांनी देवाच्या भीतीने राई राखली. ती भीती आता कमी झाली असेल. पण व्हाळाचं पाणी खालच्या बागायतीला आणि विहिरींनाच येतं. ते आटलं तर राईबरोबर आपणही कोरडे पडू.