चुन्याचा रकाना

मृदा आरोग्य कार्डावर बारा आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. २०१५ पासून ही योजना चालू आहे. जालन्याच्या मोसंबीवाल्याला ज्या आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो मुक्त चुन्याचा आकडा या बारांत नाही.

समजा, दोन शेतांचा सामू ८.१ आहे. एकात चुना तीन टक्के, दुसऱ्यात पंधरा. कार्डाच्या लेखी सामू दोन्हीकडे सारखाच. पण पहिल्या शेतात मोसंबी तग धरते आणि दुसऱ्यात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची जुनी पाने मात्र हिरवीच असतात, कारण त्यांच्यात मुरलेले लोह शेंड्याकडे सहसा जात नाही.

जमीन आज किती आम्ल किंवा विम्ल आहे, एवढेच सामू सांगतो. तिच्यात आम्ल पडले तर सामू किती उतरेल, हे चुना ठरवतो. सामू एका अंकाने चढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणून लोहासाठी मूळ आपल्याभोवती आम्ल सोडते. चुनखडीतून आलेले बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे गिळून टाकते. आपल्या रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तेच हे बायकार्बोनेट.

पाने पिवळी दिसली की शेतकरी दुकान गाठतो. नुसते फेरस सल्फेट चुनखडीच्या जमिनीत टाकले, तर लोह लवकरच अविद्राव्य होऊन अडकते. चिलेटेड लोह आणले आणि पुडीवर ईडीटीए असेल, तर जमिनीतले कॅल्शियम लोहाला हुसकावून त्याची जागा घेते. ईडीटीएचे लोह फवारणीतूनच द्यावे. अशा जमिनीत टिकते ते ईडीडीएचए, आणि ते महाग. मोसंबीचे कलम ज्यावर बांधतात, त्या खुंटाचेही तसेच. जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबू चुना अधिक सोसतो, पण हे कलमे आणण्याआधी कळले तरच उपयोग.

तपासणी अवघड नाही. मातीत मोजून आम्ल घालायचे आणि चुन्याने किती खाल्ले, ते उरलेल्या आम्लावरून काढायचे. रसायनशास्त्र शिकणारी मुले करतात तसलेच टायट्रेशन. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तरी उठणारा फेस डोळ्यांना दिसतो.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. जिल्ह्यातच बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे. चुना दहा टक्क्यांवर असेल तर मोसंबी लावू नका, असे तज्ज्ञ बजावत आले आहेत. तो किती आहे हे शेतकऱ्याने कुठे पाहायचे? येत्या लागवडीआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्डावर हा रकाना आला पाहिजे. नवा छापायला वेळ लागणार असेल, तर प्रयोगशाळेने तो आकडा पेनाने लिहून द्यावा.