मातीची तपासणी अर्धी नको!

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ रकाने असतात. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, सामू वगैरे. शिसं नाही, आर्सेनिक नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. इतर जिल्ह्यांचं यात भागत असेल. चंद्रपूरचं भागणार नाही, आणि सुरजागडचा डोंगर खणायला घेतल्यापासून गडचिरोलीचंही नाही.

चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, घुग्घुस-सास्तीच्या कोळसा खाणी आहेत. देशी कोळशात राख असते ३० ते ४५ टक्के. कोळसा जळतो, त्यातले धातू जळत नाहीत. पारा बराचसा धुरासोबत जातो, बाकीचे राखडीत दाटतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं आलं. (नंबर वरचा यावा, तर नेमका इथेच!) तेव्हापासून बोलणं होतं ते धुराचं. तो दिसतो, छातीला कळतो. मातीतल्या धातूला ना रंग, ना वास.

त्यातून आपण पिकवतो धान. बांधीत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाला चिकटलेलं आर्सेनिक सुटं होतं आणि मुळांवाटे दाण्यात चढतं. मग बांधी मधूनमधून सुकवावी? आर्सेनिक घटेल, पण जमिनीत कॅडमियम असेल तर दाण्यात तेच वाढेल. म्हणजे कोणता धातू किती, हे कळल्याशिवाय उपायसुद्धा करता येत नाही. कॅडमियम मूत्रपिंडं खातं. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेचा, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. शिशाचं तर सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि अंगणात खेळून बोटं तोंडात घालणारं लेकरू ते मातीतूनच खातं.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. खाण, कारखाना, राखेचा तलाव यांच्या भोवतालची शेतं, विहिरी आणि अंगणवाडीचं आवार यांची जड धातूंसाठी तपासणी व्हावी, निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा-लेखा याच मुलखातलं आहे, तेव्हा ग्रामसभेने काय होतं, असं निदान आपण तरी विचारू नये.

पैसा नाही म्हणतील, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधितांसाठीच आहे. सोय नाही म्हणतील, तर नीरी आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था दोन्ही नागपुरात आहेत. अधिकार नाही म्हणतील, तर दूषित जागांबाबतचे केंद्राचे २०२५ चे नियम दाखवा; लोकांच्या तक्रारीवरूनही संशयित जागा नोंदवण्याची तरतूद त्यांत आहे.

ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय त्या पोचेचाच ठेवा.